दाजींची पेन्शन

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कितीबी झाडा, साचतातच. खडूची भुकटी आणि नवऱ्यांचे किस्से. भुकटी निदान सुपलीत भरून बाहेर टाकता येते. त्यातले सुनंदाआक्काच्या नवऱ्याचे किस्से आम्ही आधी लई हसून सांगायचो. आता मला हसू येत न्हाय.

आक्का निपाणीच्या आमच्या शाळेतली सगळ्यात जुनी शिक्षिका. तिचा नवरा म्हणून ते आमचे दाजी. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. तंबाखूच्या वखारीतली नोकरी "मालक अरेतुरे करतोय" म्हणून सोडली, ती सोडलीच.

*

आमची शाळा विनाअनुदानित, पेन्शन कुणालाच न्हाय. एकदा पेन्शनच्या खात्याचा एजंट आला. आक्काच्या पगारात एकाच खात्याचा हप्ता बसत होता. एजंट म्हणाला, "मॅडम, तुमच्याच नावावर काढा." आक्कानं दाजींना विचारायला बोलावून घेतलं.

दाजी खुर्ची ओढून बसले. "माझ्या नावावर काढा. उद्या मी बायकोची पेन्शन खाल्ली तर गाव काय म्हणंल?"

एजंटनं फॉर्म घेतला. "व्यवसाय?"

"शेती लिहा."

शेत भावाकडं होतं. दाजींनी बांध बघूनसुद्धा बारा वर्षं झालती.

*

एका वर्षी आमचे पगार तीन महिने रखडले. हप्त्यासाठी आक्कानं घरी दुपारची शिकवणी लावली. चौथ्या दिवशी दाजी शाळेत हजर, थेट माझ्यापाशी. "बाई, तुम्ही सांगा हिला. पोरांच्या पाढ्यांनी माझी झोप होत न्हाय."

मी म्हटलं, "मग हप्ता थांबवूया की."

"छे छे! माझ्या म्हातारपणाचा प्रश्न हाय."

*

डबा खाताना आमच्यातली संगीता एकदा बोलून गेली, "आक्का, रिटायर व्हायला माणसाला आधी कामावर जावं लागतंय की गं!" आम्ही पोट धरून हसलो. आक्काबी हसली.

हात धुताना मला हळूच म्हणाली, "घरात बसून माणूस खचतंय गं. आमच्या पोरांसमोर त्यांची मान ऱ्हायला नको का? नावावर कायतरी असू दे." मला माझीच लाज वाटली. पण रागबी आला, तिचा.

*

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर आक्काचा निरोप समारंभ झाला. हेडमास्तरांनी दाजींनाबी स्टेजवर घेतलं, शाल घातली, नारळ दिला. दाजींनी माईक हातात घेतला.

"आज आम्ही दोघंबी रिटायर होतोय," म्हणाले. "लई वर्षं ओढलं. आता विश्रांती."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यापासून दाजींची पेन्शन चालू झाली.

*

परवा आम्ही दोघी, मी आणि संगीता, आक्काच्या घरी गेलतो. आक्का तांदूळ निवडत होती, ताट अगदी नाकाला लावून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरनं लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलंय.

मी म्हटलं, "दाजी, कधी करताय मग?"

दाजींनी पेपर खाली ठेवला. "करायचं की. पण बाई, हिचा पगार बंद झाला. आता माझ्या एकट्याच्या पेन्शनीवर दोघांचं चालतंय. हात आखडूनच ऱ्हायला पायजे."

आक्का म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं," आणि ताटातला एक तांदूळ खडा म्हणून बाहेर टाकला.