ज्या टीमपायी मी मटण सोडलं

मी चौथी पास. तरी एका देशाच्या फुटबॉल टीमचा इतिहास मला जेवढा ठाऊक आहे तेवढा अख्ख्या नेरूळमध्ये कुणाला नसेल. असेल तर त्यानं समोर यावं.

देश इटलीच्या पोटात आहे, डोंगरावर. नाव लिहीत नाही; चुकलं तर सून हसते. एवढासा देश, सगळी माणसं आमच्या चार-पाच सेक्टरांत मावतील.

शेजारच्या शिरवणे गावात माझा एक दोस्त आहे. मूळचा तिथलाच आगरी, आता तीन इमारतींचा मालक. मी साताऱ्याकडचा, मार्केटात जन्मभर पोती वाहिली. एका सकाळी टपरीवर त्यानं मोबाइलवर त्या टीमची मॅच दाखवली. गोलकीपर जाळ्यातून बॉल काढून काढून दमलेला, आणि हा हसून हसून चहा सांडतोय.

"हसू नको," मी म्हणालो. "आमच्या हमालांच्या टोळीत कुणी पोत्याखाली पडला तर हसत नाहीत."

"आरं घाट्या, ही टीम जनमात जिंकायची नाय!"

"जिंकेल. जिंकेपर्यंत मी मटण खाणार नाही. भैरोबाची शपथ!"

शपथ घेतली आणि मग घरी येऊन सुनेला विचारलं, ही टीम जिंकते कधी कधी? क्रम उलटा झाला, मान्य.

"बाबा, आजवर एकदाच जिंकलीय. त्यालाही किती वर्षं झाली. जगाच्या यादीत शेवटचा नंबर."

"अजून वाच."

तिनं वाचलं. खेळाडू दिवसा नोकऱ्या करतात आणि सुटल्यावर खेळतात. एकदा तर इंग्लंडबरोबर शिट्टी वाजून दहा सेकंद व्हायच्या आत यांनी गोल मारला. इंग्लंडवर! मी खुर्चीतून उठलो.

"पुढे?"

"पुढे सात खाल्ले."

मी बसलो. पण पहिला कुणाचा? ते कुणाला पुसता येतं का?

त्यानंतर गावच्या दोन जत्रा झाल्या. सगळी भावकी रस्सा ओरपत होती आणि मी त्यांच्यामध्ये बसून वांगं खात होतो. बायको म्हणाली, "अहो, चूक कबूल करा, देव माफ करतो." देव करेल, पण तो आगरी करेल का?

मध्ये एक मॅच बरोबरीत सुटली. एवढ्यावर शपथ सुटते का, म्हणून गावच्या गुरवाला फोन केला आणि देवाला कौल लावायला सांगितलं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"कुठली टीम म्हणालात?" गुरवानं विचारलं.

"इटलीकडची."

"तालुका?"

"तू कौल लाव रे!"

डावी पडली. भैरोबालाही फुटबॉलमधलं कळतं.

आणि परवाच्या साली, सकाळी सून ओरडली, "बाबा, जिंकले! एक-शून्य!" मी तडक पिशवी उचलली. बायको दारात आडवी. "आज माझी हरतालिका. उद्या गणपती बसतोय. मटणाचं नाव काढाल तर बघा."

पुढं गौरी, आमची गौर पुरणपोळीवाली. मग पितृपक्ष, मग घट. म्हणजे थेट दसऱ्यानंतर! दोन-दोन वर्षं त्या पोरांची वाट पाहिली, आणि आता पंचांग आडवं आलं.

तेवढ्यात दोस्ताचा फोन. "आमच्या गवरीला तिखटाचा निवद असतो, मटणाचा. ये जेवायला."

गेलो. पण उंबऱ्यावरच उभा राहिलो. "आधी बोल, टीम जिंकली."

"जिंकली बाबा. कोनाला हरवलं?"

"तसाच एक छोटा देश आहे."

"आनी पयल्या येलेला जिंकली तवा?"

मी इकडंतिकडं बघितलं. आतून मटणाचा वास येत होता.

"त्यालाच."

त्याचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. गौर बसली होती म्हणून असेल. मला पाटावर बसवलं, स्वतःच्या हातानं भाकरी वाढली आणि "आलोच" म्हणून आतल्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. मग भिंतीपलीकडून जे हसू फुटलं, ते खालच्या मजल्यावरही गेलं असेल.

त्याची बायको बिचारी ओशाळली. "भावजी, तुमी मनावर नका घेऊ."

"कोण हसतंय? मला काही ऐकू येत नाही," मी म्हणालो. "वहिनी, नळी असेल तर वाढा."