हळदीकुंकवाचं बोट

गरम इस्त्री ओलसर सॅटिनवरून फिरली की एक गोडसर वाफ दरवळते. गंगापूर रोडवरच्या माझ्या शिवणघरात आज ती दरवळली आणि सायखेड्याची ती मुलगी आठवली. आठवली कसली, तासाभरात ती येणारच आहे, आपल्या लग्नाच्या स्वागतसमारंभाचा गाऊन न्यायला! पण मला दिसली ती तेव्हाची, सौंदर्यस्पर्धेला निघालेली, द्राक्षबागेतल्या उन्हानं रापलेली, लांब ढांगा टाकणारी.

तिचा पायघोळ, पांढराशुभ्र गाऊन मी जीव ओतून शिवला होता. स्पर्धेच्या सकाळी तो टांगून चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तो काय, ऐन कमरेवर हळदीकुंकवाचा ठसठशीत ठिपका! समोर तिची आई, हातात पुडी, चेहरा कौतुकानं फुललेला. "नवं कापड हाय, बोट लावल्याबिगर कसं घालायचं? साडीला पदर असतो, याला कोपराच घावंना. मग लावलं मधीच." माझा पारा असा चढला म्हणता! घाईघाईनं साबण लावला, तर हळद आणखीच लालभडक झाली. आता मात्र आईचा चेहरा उतरला. "पोरीच्या कामात मीच माती कालवली," म्हणत ती मटकन खाली बसली. संध्याकाळी पोरीला स्टेजवर जायचं होतं आणि दुसरा गाऊन नव्हता. तरी पोरगी मला हळूच म्हणाली, "ताई, मी डागासकट घालीन, पण आईला बोलू नका."

मग काय बोलणार, कपाळ! मण्यांचा डबा उपडा केला आणि डागावर हिरवा द्राक्षघोस भरायला बसले. आई एकेक मणी निवडून देत होती. मुकुट काही मिळाला नाही; पण परीक्षकांनी घोसाबद्दल विचारलं तेव्हा पोरीनं न लाजता सगळं सांगितलं आणि टाळ्या पडल्या त्या तिच्या आईसाठी.

तेव्हापासून प्रत्येक गाऊनच्या अस्तराला मी आतून सुती कापडाचा एक चौकोन लावते. फॅशन दर हंगामाला बदलते, गळे खाली-वर होतात, घेर येतात नि जातात. नव्या कपड्याला बोट लावणाऱ्या आया मात्र अजून आहेत, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

दार वाजलं. मुलगी हसत आत आली. मागे आई, दोन्ही हात पदराखाली घट्ट. "आज मी हात बी लावणार नाय, ताई," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. मी गाऊन उलटा करून तो चौकोन तिच्यापुढे धरला. मग पदराखालून एक हात बाहेर आला. मुठीत पुडी होतीच.