यांना लागू पडलेली गोळी

आटपाट नगर उज्जैन. तिथं नानाखेड्यात आम्ही चौघं राहतो: रेल्वेतून रिटायर झालेले आमचे हे, मी, मुलगा आणि सूनबाई मनीषा. यांचं बीपी वाढलं तेव्हापासून घरात किस्से साठतात. शेवेसारखेच! चिमूटभर तोंडात टाकावी म्हणून डबा उघडावा, तर डबाच रिकामा होतो.

*

माधवनगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बीपीवर रिसर्च करत होते. त्यांनी बजावलं, "दादाजी, किडनी कमज़ोर हो रही है, दिल पर भी ज़ोर है. नमक नहीं छूटा तो डायलिसिस की नौबत आएगी."

हे म्हणाले, "नमक तो मैं छूता ही नहीं!"

"और सेव?"

"सेव में तो बेसन होता है, साहब!"

*

मग यांना रिसर्चमध्ये घेतलं. नेहमीच्या गोळ्या चालूच, वर एक जादा. ती कुणाला खरी, कुणाला नुसती खडूची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही!

"ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, तो डॉक्टर कसला?" मी विचारलं.

"रिसर्च असाच असतो गं. पण मला खरीच मिळालीये. कडू आहे ना!"

*

एकदा दिवसभरासाठी दंडाला पट्टा बांधून घरी पाठवलं. मधूनमधून फुगायचा आणि प्रेशर मोजायचा. त्या दिवशी घरात कुणी आवाज चढवेना. सूनबाईनं न मागता चहा दिला, मुलानं रिमोट दिला.

पट्टा परत करताना हे डॉक्टरांना हळूच म्हणाले, "किराए पे मिलेगा क्या?"

*

लघवीच्या तपासणीत मीठ निघालं. भरपूर!

"मनीषा, तुझ्या आमटीतलंच असणार," हे म्हणाले.

"बाबा, आमटी कधीची अळणीच करतेय. तुम्ही वरून मूठभर शेव घालता, ती कुणाची?"

*

चातुर्मास लागला. या दिवसांत आमच्यात एखादा पदार्थ सोडतात. हे दरवर्षी कारलं सोडतात, जे जन्मात कधी खाल्लेलं नाही!

रामघाटावर आमच्या गुरुजींनी विचारलं, "काका, काय सोडता?"

"कारलं!"

"आवडतं?"

"छे!"

"मग देवाला नको तेच देता होय? मीठ सोडा."

आजूबाजूचे यात्रेकरू हसले. चारचौघांत नाही कसं म्हणणार? यांनी ओंजळीतलं पाणी सोडलं. शेव, पापड, लोणचं, सगळं गेलं.

"गुरुजींना नेमकं मीठच कसं सुचलं?" हे वाटभर विचारत होते. मी क्षिप्रेकडे बघत होते.

*

रिसर्च संपला. रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. बीपी उतरलेलं, किडनी सावरलेली. "अब डायलिसिस की कोई बात ही नहीं!"

मी पदरानं डोळे पुसले.

मग यांची गोळी कुठली होती, ते त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. "दादाजी... आपकी वाली तो खड़िया थी, निरा चॉक."

हे टेबलावर थाप मारून म्हणाले, "तो क्या हुआ? सूट हो गई ना! वही लिख दो, साहब!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "लिख दो."