मधाची बाटली आणि ठमीची साखर

देवावर इतकी चिडलेली मी आयुष्यात दोनदाच. एकदा आमचे हे गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ठमीच्या रिपोर्टवर लाल खुणा आल्या तेव्हा. ठमी म्हणजे माझी मांजर. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं आणि मग पुढं वाचावं. तेलगावात मी पंचवीस वर्षं ब्लाऊज शिवते. हे गेल्यावर घरात मशीनच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज राहिला नव्हता. त्या दिवाळीत चिंध्यांच्या टोपल्यात हे एवढंसं पिल्लू येऊन झोपलं आणि तिथलंच झालं. नऊ वर्षं झाली त्याला. मी मशीनवर बसले की ती कडेला बसणार, मी उठले की ती उठणार. एवढं तर माणसंसुद्धा करत नाहीत.

गेल्या वैशाखात तिनं खाणं सोडलं. दूध ठेवलं की हुंगायची आणि तोंड फिरवायची. पाठीवरून हात फिरवला की हाडं लागायला लागली. बीडला न्यायचं ठरवलं तर शेजारीण म्हणते, "मांजरापायी बीडला? हितं मानसाला प्यायला पानी न्हाई!" मी म्हणाले, "तुज्या हंड्यातलं तर पाजीत न्हाई ना मी?" लोकांना दुसऱ्याच्या जिवाची किंमत करायला फार आवडतं, स्वतःच्या घरचा जीव असला की मग कळतं.

बीडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की रक्त इथं घेऊ, पण सकाळची लघवी तुम्ही घेऊन या. सांगायला काय जातं! ठमी परातीतल्या मातीत जाते आणि माती सगळं पिऊन टाकते. शेवटी मी शिवणाऱ्या बाईचं डोकं चालवलं. माती टाकून दिली, परात घासली आणि डबाभर प्लॅस्टिकची बटणं धुऊन तिच्यात पसरली. ठमीनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच वेडी झाले जणू. पण शेवटी बटणंच उकरून बसली बिचारी. बटणं काही पीत नाहीत. परात तिरपी केली आणि मिळाली लघवी.

आता ती न्यायची कशात? त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी मी घरच्या पिंडीला दूध, दही, मध घालून अभिषेक करते, कितीही कामं असोत. मधाची बाटली त्याच सकाळी संपली होती. आठ दिवस टँकर आला नव्हता, उरलेलं पाणी परातीला आणि बटणांना गेलं होतं. घोटभर पाणी बाटलीत हलवून ओतून दिलं, झालं. देवाच्या बाटलीला काय धुवायचं? मनात म्हटलं, महादेवा, तू स्मशानात राहणारा, तुला कसला आलाय विटाळ? तुझ्याच बाटलीतून नेते, आता रिपोर्ट चांगला आणणं तुझ्याकडं लागलं.

झाकणाच्या टोपलीत ठमीला घेऊन एसटीत बसले. वडवणीपर्यंत तिनं गाडी डोक्यावर घेतली, नंतर गप्प होऊन नुसती धापा टाकत राहिली. दवाखान्यात तिघांनी दाबून धरलं तेव्हा कुठं रक्त निघालं. रक्त आणि बाटली घेऊन मलाच माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथला माणूस दात काढून म्हणाला, "मावशी, आज मांजराची शुगर, उद्या कोंबडीचा ईसीजी आनताल!" मी म्हटलं, "आनीन. तू नीट काढ म्हंजे झालं." अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "रक्तात साखर वाढलीय, लघवीत तर भरपूर आहे. किडनीपुढंही लाल खूण आहे. डायबेटिस आहे मावशी. उद्या सकाळपासून दोन वेळा इन्सुलिन." मानेची कातडी चिमटीत कशी धरायची, सुई कशी टोचायची, ते दोन मिनिटांत दाखवलं आणि पुढचं कुत्रं टेबलावर घेतलं. बर्फात ठेवलेली औषधाची बाटली आणि ठमीची टोपली घेऊन मी स्टँडवर आले.

आणि तिथं माझा तोल गेला. इतकी वर्षं सोमवार केले ते याच्यासाठी? अंगात ताप असताना तुझ्या पिंडीवर दूध घातलं, आणि एक मुकं जनावर तुला सांभाळता येईना? पुन्हा तुला मध घातला तर नावाची नाही, असं मी ठरवूनच टाकलं. त्यात तेलगाववरून जाणारी परळीची गाडी तासभर लेट. मी मोठ्यानंच बोलले, "येवढी बी सोय तुला करता येइना व्हय?"

शेजारी जाड चष्म्याची एक बाई मेथीची जुडी निवडत बसली होती. "कुनाला बोलताय?"

"महादेवाला."

"तो कावून गाडी लेट करील?" ती म्हणाली. तेवढ्यात येणाऱ्या एकानं तिला जय भीम घातला, तिनंही घातला, आणि पुन्हा माझ्याकडं वळली. "टोपल्यात काय हाय?"

मी सगळं ओकले. राग असा होता की झाडालासुद्धा सांगितलं असतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमधी तीस वर्षं लोकांच्या लघव्याच तपासल्या. बाटली कशाची न्हेली व्हती?"

"मधाची."

तिचा हात मेथीवरच थांबला. "धुतली व्हती का नीट?"

मला झोंबलंच ते. "देवाची बाटली व्हती ती! अभिषेकाच्या मधाची. उष्टी न्हवती काही."

"अवो बाई, तपासायच्या पट्टीला देव कळत न्हाई, साखर कळती. मधात दुसरं काय असतंय?"

घोटभर पाण्यात हलवलेली ती बाटली माझ्या डोळ्यांपुढं आली. ती पुढं म्हणाली, "मांजराच्या रक्ताचं मला म्हाईत न्हाई, ते डॉक्टरला इचारा. पर उद्या ती सुई देऊ नका. साखर नसताना दिली तर जीव जातो, मानसाचा बी जातो." नेमकी तेव्हाच परळीची गाडी फलाटाला लागली. मी गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती वेळेवर आली असती तर मी घरी पोचले असते आणि सकाळी माझ्याच हातानं... पुढचं लिहवत नाही.

मी बाईंचा हात धरला. "महादेवानंच तुमाला हितं बसवलं."

"मला कुनी बसवलं न्हाई," ती म्हणाली. "माझी माजलगावची गाडी लेट हाय. जावा, पळा आता."

दवाखान्यात जाऊन मधाच्या बाटलीचं सांगितलं तसा डॉक्टरांचा चेहराच उतरला. त्यांनी ठमीच्या पोटातून सुईनं थेट लघवी काढली आणि पट्टी बुडवली. पट्टीचा रंग जरासुद्धा बदलला नाही. मग टोपलीवर कापड टाकून तिला आतल्या खोलीत दोन तास निवांत ठेवलं आणि कानाला टोचून थेंबभर रक्त घेतलं. साखर उतरली होती. ते म्हणाले, मांजर घाबरलं की रक्तातली साखर चढते, म्हणून लघवीतही साखर आहे का ते पाहायचं असतं. लॅबच्या कागदावर माणसाच्या मर्यादा छापल्या होत्या, मांजराच्या वेगळ्या असतात, आणि ती उपाशीतापाशी सुकली होती, म्हणून किडनीपुढं लाल खूण. लघवी चांगली घट्ट होती, म्हणजे किडनी काम करत होती. "मग हे सकाळी कावून न्हाई कळलं?" मी विचारलंच. सोडते कशाला!

"चुकलं, मावशी," ते म्हणाले. "बाटली कशाची ते विचारायला हवं होतं. आणि तोंडही उघडून बघायला हवं होतं." त्यांनी तोंड उघडलं. मागची दाढ किडून हिरडी सुजली होती. लेकरू खाणार कसं? चार दिवसांनी दाढ काढली आणि आठवड्यात ठमी पुन्हा मशीनच्या कडेला येऊन बसली.

डॉक्टरांवर मी रागावले ते खरंच आहे, अजूनही थोडा राग आहे. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त मी देवाला बोलले, आणि बाटली मात्र माझ्या हातची होती. माझ्या आळसाला मी त्याचं नाव दिलं आणि वर रिपोर्टची जबाबदारीही त्याच्यावर ढकलली. मी जिच्यावरून त्याला शिव्या देत होते, ती लेट गाडीच ठमीला वाचवत होती. आपल्याला काय कळतं? त्याच्या पायाशी भार टाकायचा तो आपल्या वाट्याचं काम करून, एवढं मला या वयात समजलं.

बीडला गेले की स्टँडवर त्या बाईंना शोधते. त्यांच्यासाठी एक ब्लाऊज शिवायचा राहिलाय, पण माप नाही आणि नावही विचारलं नाही. भेटल्या तर पुन्हा म्हणतील, मला कुणी बसवलं नाही. म्हणू देत. सोमवारी पिंडीवर मध घालते, त्यांच्यासाठी हात जोडते, आणि मध संपला असेल तर उठून बाटली गरम पाण्यानं तीनदा धुते.