दोन माशांचं बाळंतपण

शेळगावच्या आमच्या शेडात डाळिंबं निवडायला बसलं की हात कामात अन् तोंड मोकळं. संध्याकाळी क्रेट गाडीत चढतात, बोलणं मात्र तिथंच साठत जातं. यंदाच्या साठ्यात निम्मे किस्से माशांचेच निघाले.

कारण माझी नातसून, प्रियांका. पोटुशी, तरी बारामतीच्या कॉलेजात जाते. तिला अटलांटिक समुद्राकडच्या दोन माशांवर सेमिनार द्यायचा होता. दोन्ही संपत चाललेले. प्रॅक्टिस आमच्यासमोर.

तिला बाळंतपणाला सांगवीला, आईकडं जायचं होतं. पण तिची सासू, म्हणजे माझी सून कल्पना, म्हणाली, "घरातलं पहिलं लेकरू हाय. माझ्या डोळ्यांपुढं हितंच होईल." विषय संपला.

* * *

पोरीनं मोबाईलवर फोटो दाखवले. एक ईल, आपल्या वामेसारखी लांबडी. दुसरा स्टर्जन, माणसापेक्षा लांब, अंगावर हाडांच्या ढाली.

शेजारची शांताक्का निरखून म्हणाली, "वाम कालवणात मावंल. ह्या दुसऱ्याला पातेलं कुठनं आणायचं?"

"आक्का, खाऊन खाऊनच संपत आलेत ते."

"मग आमाला फोटो कशाला दावतीस?"

* * *

मग प्रियांकानं दोघांतला फरक सांगितला. स्टर्जन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, अंडी घालायला परत नदीत येतो. ईलचं उलटं. जन्म समुद्रात, राहणं नदीत, अंडी घालायला परत समुद्रात.

मी म्हटलं, "म्हंजे दोघीबी बाळंतपणाला माहेरीच जातात की."

सगळ्या हसल्या. कल्पना डाळिंब पुसत राहिली. पुसलेलंच.

* * *

शांताक्काला वेगळीच काळजी. "अन् नर काय करतात?"

"तेबी संगट जातात, आक्का."

"बाळंतपणाला? तरीच संपले. जावयांना जेवू घालून माहेरचे दमले असतील."

* * *

मी विचारलं, "ईल परत येती का गं?"

"न्हाय आजी. एकदाच अंडी घालते अन् तिथंच मरते. स्टर्जन मात्र समुद्रात परततो, काही वर्षांनी पुन्हा नदीत येतो."

तेव्हा कल्पना पहिल्यांदा बोलली. "बघा. गेलेली परत न येणारीबी असती."

 शांताक्कानं हातातलं डाळिंब क्रेटात ठेवलं अन् म्हणाली, "कल्पना, आपली स्टर्जन हाय गं."

* * *

सेमिनारला मी अन् कल्पना बरोबर गेलो. सातव्या महिन्यात पोरीला एसटीनं एकटं कसं सोडायचं? शेवटच्या बाकावर बसलो. प्रियांका चांगली बोलली. नद्यांवर धरणं झाली, दोन्ही मासे भिंतीशी येऊन अडतात, पुढं वाट नाही, असं तिनं सांगितलं.

सरांनी उपाय विचारला.

"काही धरणांना कडेनं पाण्याचा जिना करतात, सर. मासा पायरी पायरीनं पार होतो."

"कुणाला प्रश्न?"

कल्पना उभी राहिली. मी पदर ओढला, तरी बसेना.

"त्यो जिना बांधायचा कुणी?"

प्रियांका तिच्याकडं बघत म्हणाली, "ज्यानं धरण बांधलं त्यानंच, आई."

कल्पना खाली बसली.

बारामतीच्या स्टँडवर आमची, शेळगाववरनं जाणारी इंदापूरची गाडी लागलेली होती. कल्पना तिच्यापुढनं तशीच चालत गेली आणि सांगवीच्या गाडीत चढली. आम्ही दोघी तिच्या मागं. कंडक्टरनं विचारलं, "किती, मावशी?"

"आता तीन द्या," कल्पना म्हणाली. "येताना दोघीच असू."