त्याची कमांड काढताना

आमचं टूल फुकट आहे. कुणीही घ्या, वापरा, बदला. कोडमध्ये कुणी कधी काय बदललं, ते सगळं हे टूल जपून ठेवतं. सुरू केलं आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या कॉलेजातल्या मित्राने, बोरीवलीत त्याच्या घरच्या डायनिंग टेबलावर. पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं, काय काढायचं, तेही तिथेच ठरायचं, रविवारी सकाळी, भांडून. त्याची आई घावणे वाढता वाढता आम्हाला दटावायची, की आधी खावा, मगे भांडा.

नियम एकच होता. आपला बदल आपणच टूलमध्ये घ्यायचा नाही, दुसऱ्याने वाचून ‘चालेल’ म्हटलं तरच घ्यायचा. आणि हा बाबा सहजासहजी म्हणेल तर शपथ!

मग तो कॅनडाला गेला, आईलाही घेऊन गेला. आधी कोड पाठवायचा, मग नुसते अंगठे, मग तेही बंद. आता माझ्यासोबत चार-पाच जण आहेत, सगळे स्क्रीनवरचे. गुणी आहेत, पण भांडत नाहीत. बोलणं झालं की निघून जातात. मला त्या टेबलाची फार आठवण येते.

मागच्या महिन्यात पुढच्या आवृत्तीची मीटिंग झाली. केलेला बदल मागे घ्यायची जुनी कमांड काढूया, तिच्यामुळे बाकीचं अडतंय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ती त्याने लिहिलेली. मी असा उखडलो की विचारू नका. त्यालाच विचारतो, म्हणालो. वाटलं, चिडेल, फोन करेल, तासभर डोकं खाईल.

त्याचं उत्तर आलं, “काढून टाक रे. मी पण आता दुसरंच टूल वापरतो.”

राग आला, मग रडू आलं. खोटं कशाला बोलू?

कमांड मीच काढली. ‘चालेल’ टीममधल्या कुणीही म्हटलं असतं, तरी मी तो बदल मुद्दाम त्याच्याकडे पाठवला. आठवडाभर काही नाही. मग आलं, “मदतीच्या पानावर अजून ती कमांड तशीच आहे, गाढवा.” मी वेड्यासारखा हसत बसलो. पान दुरुस्त करून पाठवलं. लगेच आलं, “चालेल.”

आता बदल टूलमध्ये घ्यायचं बटण दाबायचं तेवढं बाकी आहे. टीम रोज विचारते, अडलंय कुठे. आज करतो, उद्या करतो, म्हणतो मी. दाबलं की त्याला पाठवायला माझ्याकडे काही उरत नाही.