सात नंबरची हजेरी

१३ ऑगस्ट १९९६, मंगळवार. सकाळी साडेदहा.

हजर: तपासणीला आलेले शिक्षण खात्याचे साहेब. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी, तिसरी-चौथीची वर्गशिक्षिका. कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली आया. तिसरीची दहा मुलं, चौथीची नऊ. मुलं एकूण एकोणीस, पटावर वीस. गैरहजर: सात नंबर, मुलगी, इयत्ता तिसरी, वय आठ.

हे त्या दिवशीच्या माझ्या डायरीतून उतरवलं आहे. त्यात एक गोष्ट खरी नाही. सात नंबर गैरहजर नव्हती. ती शाळा सोडून गेली होती, त्याला पाच आठवडे होऊन गेले होते. तिला दुसऱ्या शाळेत बसायचं तर आमच्याकडचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि तो आम्ही अडवून ठेवला होता.

शाळा यशवंतपूरच्या बाजूला होती. खालच्या मजल्यावर मराठी वर्ग, वरच्या मजल्यावर कन्नड. खाली एकच लांब खोली. मध्ये दोन कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली होती. पलीकडे पहिली-दुसरी, अलीकडे माझी तिसरी-चौथी. पलीकडचे पाढे अलीकडे ऐकू यायचे. आमचा भागाकार चालू असताना पलीकडे बे चोक आठ चाललेलं असलं की तिसरीतली अर्धी मुलं उत्तराच्या जागी आठ लिहायची. मी वेळापत्रक असं बसवलं होतं की पलीकडे पाढे असतील तेव्हा इकडे शुद्धलेखन. ते बरंच जमलं होतं.

मुलं जुन्या घरांतली होती, पिढ्यान् पिढ्या इथलीच. त्यांची मराठी ऐकायला मला, बेळगावहून आलेलीला, पहिलं वर्षभर कान लावावे लागले. "ए, स्वल्प सरक की, माझी पाटी दाबतोस!" "तुझी पाटी? अय्यो, नाव लिहिलंय का तिच्यावर?" वरच्या कन्नड वर्गातली मुलं जिन्यावरून आमच्या मुलांना चिडवायची आणि आमची मुलं त्यांना कन्नडातच उलट उत्तर द्यायची. मराठी फक्त वर्गात आणि घरी.

जूनमध्ये खात्याचं पत्र आलं. ज्या वर्गाचा पट वीसच्या खाली असेल तो तपासणीनंतर बंद होईल, मुलं वरच्या मजल्यावर जातील. तिसरी-चौथीचा पट बरोबर वीस होता. वर्ग बंद झाला असता तर मुलांना जिना चढायचा होता आणि मला घरी बसायचं होतं, कारण मी कायम झालेली नव्हते. मोठ्या बाईंनी पत्र मला वाचायला दिलं, परत घेतलं आणि म्हणाल्या, "पट सांभाळा."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सात नंबरच्या वडिलांच्या कारखान्याचं युनिट बोम्मसंद्र्याला हललं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. शनिवारी, सहा तारखेला, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तिची आई आली. घर रविवारी हलवणार होते. तिकडे घराजवळच्या शाळेत जागा होती, पण टीसी आणल्याशिवाय नाव घालणार नव्हते.

मोठ्या बाई म्हणाल्या, "देते की. आठवड्याभरात तपासणी आहे, तेवढी होऊ दे."

"तिकडं एकतीस तारखेपर्यंतच घेतात म्हणे बाई."

"एकतीसला अजून किती दिवस आहेत! तोवर घरी वाचू दे तिला."

"सरी बाई," आई म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

सोमवारी मी हजेरी घेतली. सहा नंबर म्हणजे तिच्याच बाकावरची मुलगी. ती "हजर बाई" म्हणाली आणि मी सात म्हटल्यावर पुन्हा उभी राहिली. "बाई, ती गेली नं बोम्मसंद्र्याला. सामान लॉरीत घातलं, मी बघितलं."

"बस खाली," मी म्हटलं आणि सातच्या चौकटीत हजेरीची तिरपी रेघ मारली. गैरहजर मांडता आलं असतं. पण ओळीने गैरहजेरी दिसली की साहेब चौकशी करतात, हे मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. हजर मांडलं की कोणी काही विचारत नाही.

मंगळवारी मी सहानंतर एकदम आठ म्हटलं. बुधवारीही. गुरुवारी सवयीने सात तोंडून निघालं, आणि मागच्या बाकावरून चौथीतला एकजण बारीक आवाज काढून म्हणाला, "हजर बाई!" सगळा वर्ग हसला. मी रागावले नाही. त्या दिवसापासून तो खेळच झाला. मी रोज सात म्हणायची आणि रोज कोणीतरी वेगळं उत्तर द्यायचं. त्यांनी आपसांत पाळी लावली होती. "काल तूच होतास की सात! आज माझी पाळी." एकदा दोघं एकदम बोलले, तेव्हा सहा नंबर त्यांना म्हणाली, "ती एवढी जाड होती काय, दोघं लागायला?" मी रेघ मारून आठवर गेले.

जुलैची चाचणी आली. निकालपत्रकात वीस ओळी होत्या, तेव्हा सातव्या ओळीत काहीतरी भरावं लागणार होतं. मी तिच्या जूनच्या वह्या काढल्या आणि त्यांवरून तिला गुण दिले. पंचवीसपैकी भाषेत अठरा, गणितात अकरा. गणित तिला जडच जायचं. जास्त दिले असते तर ते बरोबर झालं नसतं.

तपासणी आठवड्यात झाली नाही. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर होते. बावीस जुलैला तिची आई तिला घेऊन आली. दोन बस बदलून, सकाळी सहाला निघून. मोठ्या बाई संस्थेच्या बैठकीला गेल्या होत्या आणि दुपारनंतर येणार होत्या. आई जिन्याच्या पायरीवर बसली. मुलगी जराशी घुटमळली, मग सरळ वर्गात येऊन आपल्या बाकावर बसली. सहा नंबर न सांगता सरकली.

हजेरी झाली. सात म्हटल्यावर तीच म्हणाली, "हजर बाई." कोणी हसलं नाही. ज्याची त्या दिवशी पाळी होती तो पोरगा तिच्याकडे वळून बघत राहिला.

त्या दिवशी भागाकार होता, दोन अंकी भाज्याला एक अंकी भाजक. तिला पहिली दोन उदाहरणं आली नाहीत, तिसरं आलं. मी वहीवर बरोबरची खूण केली. सुट्टीत ती नेहमीसारखी नळापाशी पोरींशी भांडली. शाळा सुटताना तिने विचारलं, "बाई, उद्यापण येऊ?"

"उद्या कशी येशील? लांब आहे ना."

"मग हजेरी?"

"मांडते मी," मी म्हटलं.

मोठ्या बाई तीनला आल्या. आईला म्हणाल्या, पुढच्या सोमवारी साहेब नक्की येतायत, मंगळवारी दाखला घेऊन जा, एकतीसच्या आत होतं की. आई म्हणाली, "नक्की नं बाई? तिचं वर्ष जाईल हो." मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्ष कसं जाईल? मी आहे ना." त्या हे मनापासून म्हणाल्या.

सोमवारी साहेब आले नाहीत. एकतीस जुलै बुधवारी होता. त्या दिवशी मी शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या, खडूचे दोन डबे मागवले आणि सातच्या चौकटीत रेघ मारली.

साहेब आले ते तेरा ऑगस्टला. वर्गात स्वातंत्र्यदिनाच्या पताका चिकटवायचं काम चालू होतं, जमिनीवर खळ सांडली होती. साहेबांनी डोकी मोजली आणि कन्नडात विचारलं, "एक कमी आहे. कोण?"

मी म्हटलं, "सात नंबर."

"काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सहा नंबर उभी राहून कन्नडात म्हणाली, "ताप आलाय सर." तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या मुलांनी माना हलवल्या. साहेब म्हणाले, "सरी, सरी. पाणी उकळून प्या सगळ्यांनी," आणि रजिस्टरवर सही केली. कॉफी धरून पंधरा मिनिटं. वर्ग वाचला.

दुसऱ्या दिवशी मी दाखला लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. पुढचा रकाना होता, शाळेत हजर असल्याचा शेवटचा दिवस. तिथे मी थांबले आणि मोठ्या बाईंना विचारलं.

"रजिस्टरमध्ये काय आहे?"

"बारा ऑगस्ट."

"मग तेच. दाखला आणि रजिस्टर जुळायला नको?"

मी बारा ऑगस्ट लिहिलं. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नाही. रजिस्टरमध्ये आठ जुलैपासून बारा ऑगस्टपर्यंत तिच्या एकतीस रेघा होत्या. त्यातली एक खरी होती.

शुक्रवारी आई दाखला घेऊन गेली आणि पुढच्या गुरुवारी परत आली. या वेळीही मुलगी बरोबर होती. तिकडच्या कारकुनाने दाखला वाचून परत केला होता. मुलगी जुलैच्या सुरुवातीपासून घरी बसलेली असती तर उशीर माफ करायला वर लिहिता आलं असतं, असं तो म्हणाला. पण ही तर बारा ऑगस्टपर्यंत रोज शाळेत जात होती. मग प्रवेश संपल्यावर का आलात? पुढच्या जूनमध्ये या.

मोठ्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आई माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"तारीख तेवढी बदलून द्या बाई."

"तारीख रजिस्टरवरून घातली आहे."

"पण ती येत नव्हती की. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. पण तिथे हजर मांडलंय, आणि साहेबांची सही झाली आहे त्यावर."

"मग आम्ही काय करायचं अक्का?" एरवी ती मला बाई म्हणायची.

मी म्हटलं, "अर्ज द्या." दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हटलं असं नाही. दुरुस्तीसाठी अर्ज लागतो, तो नियम होता, आणि तो मला पाठ होता.

आईला लिहिण्याची सवय नव्हती. मुलगी म्हणाली, "मी लिहिते. बाईंनी शिकवलंय." जूनमध्येच मी तिसरीला रजेचा अर्ज शिकवला होता. ती आपल्या बाकावर बसली, सहा नंबरकडून पेन्सिल घेतली आणि एकरेघी कागदावर लिहायला लागली. वर उजवीकडे तारीख, मग प्रति, मग विषय. आई तिच्या डोक्यावरून वाकून हळू आवाजात सांगत होती. "माझी मुलगी सहा जुलैनंतर शाळेत आली नाही," तिने लिहिलं, मग थांबून आईला विचारलं, "एक दिवस आलते की मी?" आई म्हणाली, "तेही लिही." तिने तेही लिहिलं. शेवटी शिकवल्याप्रमाणे "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी" असं घातलं आणि त्याखाली आईने सही केली. वीस मिनिटं लागली. तोवर मी चौथीला नकाशा भरायला दिला होता.

मी अर्ज घेतला, वरच्या कोपऱ्यात "मिळाला" लिहून तारीख टाकली आणि फाइलला लावला. आईने विचारलं, "उत्तर कधी येईल?"

"कळवते," मी म्हटलं.

मोठ्या बाईंना दुसऱ्या दिवशी दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. तारीख बदलायची तर रजिस्टर बदलावं लागेल, रजिस्टर बदललं तर तपासणीच्या दिवशीचा पट एकोणीस. "ठेवा तूर्त," त्या म्हणाल्या. मी ठेवला. आई नंतर आली नाही.

मुलगी त्या वर्षी घरी राहिली. पुढच्या जूनमध्ये तिकडे पुन्हा तिसरीतच बसली, कन्नड माध्यमात. आमचा मराठी वर्ग आणखी दोन वर्षं चालला आणि मग पट चौदा झाल्यावर बंद पडला. तोपर्यंत मी परीक्षा देऊन दुसरीकडे कायम झाले होते. शाळा सोडताना रजिस्टरं मोजून ऑफिसात दिली, त्याची पोच घेतली. फाइल माझ्या स्वतःच्या कागदांत राहिली. ती आजही आहे.

काही वर्षांपूर्वी येलहंक्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला गेले, तर रक्त काढणारी बाई माझ्याकडे बघत राहिली. "बाई, मी सहा नंबर." तिने सुई सफाईने लावली. सात नंबरशी तिचं अजून बोलणं आहे. सात बोम्मसंद्र्यालाच एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, तिचा मुलगा दहावीला.

मी विचारलं, "शाळेबद्दल काही म्हणते का?"

"काय म्हणणार बाई. सासरी सगळे म्हणतात, तिसरीत नापास झाली होती. आता तीपण तसंच सांगते. कोण समजावत बसणार?" मग कापूस दाबून म्हणाली, "हात वाकवून धरा. पाच मिनिटं."

मी पत्ता लिहून घेतला. दोन बस, दीड तास.

अर्जाला उत्तर द्यायचं आहे. मुलगी सहा जुलैनंतर फक्त एक दिवस शाळेत आली होती, ती नापास झालेली नव्हती, तारीख आम्ही चुकीची घातली, एवढंच. कागद काढून ठेवला आहे. लिहून, सही करून तिच्या हातात द्यायचं राहिलं आहे.